पाठकोऱ्यावरचं नीलवन

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला दैवशालाच्या ताब्यात अख्खं नीलवन होतं, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि दारात तिचा धाकटा भाऊ वैजनाथ चपला काढत होता. त्याच्या मागं गुंडाप्पातात्या होते. तिच्या माहेरचे, तामलवाडीतले जुने जाणते. गावात कुणाचीही वाटणी असो, साक्षीदार म्हणून तात्या ठरलेले. वैजनाथच्या हातात कापडदुकानाची पिशवी होती. पिशवीत साडी आहे हे दैवशालाला न उघडताच कळलं. साडी कशासाठी आहे, तेही.

नीलवन दैवशालाच्या मुरुम गावाच्या आसपास शोधून सापडायचं नाही. ते तिच्या लेकीच्या, प्रतीक्षाच्या खेळातलं. प्रतीक्षा पुण्याहून सुट्टीला येताना वीस बाजूंचा एक फासा घेऊन आली होती. खेळ असा, की एकानं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. नीलवन ही जादूची जमीन. सकाळी पेरलेलं संध्याकाळी कापणीला येणारी. साहजिकच सगळ्यांना ती हवी होती.

दैवशालाला खेळात घेतलं ते माणूस कमी पडलं म्हणून. योद्धी हो, चेटकीण हो, असं लेकीनं सुचवलं. दैवशाला म्हणाली, मला तलवार झेपायची नाही, मी आपली राखण करीन. म्हणून ती राखणदारीण झाली. पहिल्या दिवशी ती भाजी निवडत खेळली. दुसऱ्या दिवशी भाजी बाजूला ठेवली.

कारण प्रतीक्षा दर डावाला तिच्याकडं वळायची, फासा पुढं करायची आणि विचारायची, "राखणदारीण, तू काय करतेस?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. पंचवीस वर्षांच्या संसारात दैवशालाला लोकांनी काय करायचं ते सांगितलं होतं, काय केलं नाही ते तर फारच सांगितलं होतं. पण काय करतेस असं विचारून तिच्या तोंडाकडं बघत कुणी थांबलं नव्हतं.

मग ती सुटलीच. तिनं नीलवनाला चारी बाजूंनी बांध घातला. उत्तरेकडच्या डोंगरात एक आग ओकणारा राक्षसी सरडा होता. त्याला मारायच्या भानगडीत न पडता तिनं त्याला हुरडा भाजायच्या कामावर लावलं आणि पाखरं हाकलायलाही. तिचे यजमान कुमारराव खेळात जादूगार होते. त्यांनी तीनदा मंत्र टाकून जमीन बळकावायला बघितलं, तीनदा तिनं त्यांना बांधावरून परत लावलं. "तुमचा मंत्र तुमच्या हद्दीत म्हणा," ती म्हणाली. खेळातले अठरा दिवस तिची वहिवाट अखंड होती.

आता वैजनाथचं काम. तामलवाडीत वडिलांच्या मागं राहिलेल्या चार एकरांवर बहीणभावाची दोघांची नावं लागली होती. दैवशालानं हक्क सोडायचा, भावानं साडी नेसवायची, तात्यांनी साक्ष घालायची. सगळ्यांच्या बहिणींनी केलं तसंच. दैवशालाला फोनवर विचारलंही नव्हतं, कळवलं होतं. कुमाररावांनी परस्पर होकार भरला होता. हक्कसोडीचा कागद टाईप होऊन पंधरा दिवसांपूर्वीच मुरुमला आला होता. आज सही, उद्या तुळजापूरच्या कचेरीत अंगठा आणि फोटो. नंबर लागलेला होता.

"आक्का, कागद काढ," पाणी पिऊन वैजनाथ म्हणाला. "परतीची एसटी अडीचची हाय."

कुमारराव कागद आणायला आत गेले. बराच वेळ गेला. आले तेव्हा त्यांचा चेहरा शाईची बाटली सांडलेल्या माणसासारखा झाला होता.

कुमारराव एका शाळेत कारकून. एक बाजू कोरी असलेला कागद फेकणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं. असले पाठकोरे कागद ते टाचणी लावून गठ्ठ्यानं ठेवत. किराण्याची यादी पाठकोऱ्यावर, दुधाचा हिशेब पाठकोऱ्यावर. दैवशालाला लग्नानंतर त्यांनी लिहिलेलं पहिलं पत्रसुद्धा हजेरीच्या तक्त्यामागं होतं. हक्कसोडीचा कागद वाचून त्यांनी सवयीनं ठेवला तो गठ्ठ्यावरच. आणि लेकीला नकाशासाठी जाड, चांगला कागद हवा होता.

सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये नीलवनाचा नकाशा पसरलेला होता. स्केचपेननं हिरवी शेतं, निळी विहीर, उत्तरेला लाल सरडा. वैजनाथनं वाकून कोपरा उचलला. मागं स्टॅम्प होता, आणि खाली टाईप केलेलं, 'मी, लिहून देणार, सौ. दैवशाला…'

"हे काय केलंय दाजी?" वैजनाथचा आवाज बारीक झाला.

"म्या न्हाय केलं. मी त्यात नुसता जादूगार हाय," कुमारराव म्हणाले.

तात्यांनी चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या, आणि निकाल दिला की सरड्याचा लाल रंग थोडा पुढं उमटलाय, पण मजकूर शाबूत आहे. सही मजकुराच्या बाजूला करायची असते. करून टाका.

वैजनाथनं हायसं वाटून पेन काढला. दैवशालानं पेनाकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं. अठरा दिवसांचा बांध. तिनं तळहात कागदावर ठेवला.

"नकाशा मिळायचा न्हाय," ती म्हणाली. "डाव अर्ध्यात हाय."

"आक्का, ही खोटी जमीन हाय."

"असू दे की. खोट्या जमिनीत मला इचारतेत तरी, काय करतीस म्हणून. खऱ्या जमिनीत कुणी इचारलं का?"

कुमाररावांनी बायकोला डोळ्यांनी खुणावलं. तिनं त्यांना बांधावरून परत लावलं.

वैजनाथ लहानपणी हिच्याच कडेवर वाढलेला. आक्कानं हात ठेवला की तो हात उचलणं त्याला चाळिशीतही जमत नव्हतं. शेवटी प्रतीक्षानं तोड काढली. नीलवन ज्याच्याकडं, नकाशा त्याच्याकडं. हा नियमच आहे. मामानं खेळात यावं, आईकडून नीलवन जिंकावं आणि कागद घेऊन जावं.

"पोरखेळ," वैजनाथ म्हणाला आणि मांडी घालून बसला. तात्या पंच झाले. पंच म्हटलं की ते कशालाही तयार असत.

वैजनाथ सेनापती झाला. त्यानं पाचशे घोडेस्वार घेऊन बांधावर चाल केली. फाशावर दोन पडले. सरड्यानं घोडेस्वारांना हुरड्याच्या आगटीभोवती बसवून ठेवलं. मग त्यानं विहिरीकडून चोरवाट काढली. चार पडले. विहीर खोल होती. तासाभरात सेनापती नागडा होऊन बांधाबाहेर उभा होता आणि खरा वैजनाथ शर्टाची दोन बटणं काढून घाम पुसत होता. अडीचच्या गाडीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

"जोरानं ही जमीन येत न्हाय," तो म्हणाला. "कायद्यानं येती का?"

येत होती. प्रतीक्षानं वही चाळून सांगितलं, की नीलवनाच्या मधोमध एक काळा दगड आहे. जुन्या राजाच्या रक्ताच्या माणसानं हात ठेवला की तो उजळतो आणि जमीन त्याला मानते. तिथं वहिवाट चालत नाही.

"मग मी राजाचा पोरगा."

"तो मेला, मामा. पहिल्याच दिवशी बाबांनी सरड्याला काडी टोचली, तेव्हा राजपुत्र शेजारी उभा होता." कुमारराव छताकडं बघायला लागले. "एक राजकन्या शिल्लक आहे. लग्न करून समुद्रापलीकडं दिलेली."

"चालतंय. मी राजकन्या."

राजकन्या वैजनाथ मिशीवरून हात फिरवत नीलवनाच्या वेशीत आली. प्रतीक्षा आईकडं वळली. "राखणदारीण, तू काय करतेस?"

दैवशालानं काही ठरवलं नव्हतं. जमीन राखायची एवढंच तिच्या मनात होतं. पण अशा वेळी काय बोलायचं असतं ते तिला पाठ होतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाटणीत तिनं ते दाराआडून ऐकलं होतं. तेच तोंडात आलं.

"बाई, तुझं लग्न थाटात करून दिलं. आता तुझं घर तिकडं. इकडं कशाला जीव अडकवतीस? चार दिवस माहेरपण कर, साडी नेस, आन् कागदावर सही करून सुखानं जा."

"वा गं वा," वैजनाथ उसळला. "लग्न करून दिलं म्हणजे रक्त बदललं व्हय माझं? त्यो काय माझा बाप न्हवता?"

"लोक काय म्हणतील? भावाच्या घरातलं वढून नेलं म्हणतील."

"म्हणू दे लोकाला. म्या कुणाचं वढत न्हाय, माझं मागतोय. लेकीचा हक्क असतोय बापाच्या जमिनीत. कायदा हाय." त्यानं फासा मुठीत गच्च धरला. "साडीवर भागवता व्हय मला?"

बोलता बोलता त्यानं मांडी थोपटली. मांडीवर पिशवी होती. ती चुरचुरली.

फासा घरंगळत नकाशाच्या मधोमध थांबला. एकोणीस. काळा दगड उजळला असणार, पण सूत्रधार मामाच्या मांडीवरच्या पिशवीकडं बघत होती. वर पंखा कटकट करत होता. आत कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजल्याच नव्हत्या आणि डाळ लागल्याचा वास यायला लागला होता. कुणी उठलं नाही.

गुंडाप्पातात्यांनी घसा खाकरला. "वैजनाथ, म्या साक्षीला आलोय तवा सांगतो. निवाडा तुझ्या बाजूनं. आन् तू जे बोललास ते म्या ऐकलंय. शब्दन् शब्द."

वैजनाथ कानापर्यंत लाल झाला, सरड्याच्या शेजारी शोभेल असा. दैवशालानं नकाशा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढं धरला.

"घे. जिंकलास. ठरल्याप्रमाणं कागद तुझा." मग हात न हलवता म्हणाली, "सही मात्र करणार न्हाय."

"आक्का, गावात काय सांगू?"

"सांग की जमीन जिंकून आलो."

कुमारराव मध्ये काहीतरी बोलणार होते. तात्यांनी त्यांना चहाचं विचारलं, आणि ते गडबडीनं आत जाऊन लागलेली डाळ उतरवायला लागले.

वैजनाथनं कागद घेतला. एकदा मजकुराची बाजू बघितली, एकदा नकाशाची. घडी घालून खिशात टाकायला गेला, पण घडी नेमकी काळ्या दगडावरून जात होती. दुसरीकडून घालावी तर विहीर मोडत होती. बराच वेळ असा कागदाशी खेळून त्यानं तो परत सतरंजीवर ठेवला.

"इथंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "एसटीत चुरगाळंल."

निघताना पिशवी त्यानं आधी उचलली, मग ठेवली, मग पुन्हा उचलून बहिणीच्या हातात कोंबली. "कशाच्या बदल्यात न्हाय," तो चपलेकडं बघत म्हणाला. दैवशालानं साडी तिथंच उघडली. गडद जांभळी. हा रंग तिला जन्मात आवडला नव्हता.

"बरी हाय," ती म्हणाली. "पुढच्या बारीला रंग इचारून आण."

तुळजापूरचा नंबर दुसऱ्या दिवशी आला आणि गेला. कुमारराव दोन दिवस घरात पावलं न वाजवता वावरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकाशाला प्लॅस्टिकचं कव्हर आणून घातलं. कागद वाया जाऊ नये, एवढंच ते म्हणाले.

बुधवारी दुपारी वैजनाथचा फोन आला. ऊन लई हाय, म्हशीनं खाणं सोडलंय, असं इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो मुद्द्यावर आला.

"आक्का, रविवारी डाव हाय का?"

"हाय की."

"माझ्या मागं नीलवनात कुणी काय पेरलं तर न्हाय ना? दाजीवर ध्यान ठिव. त्यो मंत्र टाकंल."

"तुझ्या नावावर हाय ते. तुला इचारल्याबिगर कुणी दाणा पेरणार न्हाय," दैवशाला म्हणाली. "आन् वैजा, तामलवाडीच्या माझ्या दोन एकरात औंदा काय पेरायचं?"

पलीकडं म्हैस हंबरली. दैवशालानं फोन कानाला धरून ठेवला. उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं, हे ती आता शिकली होती.

"सोयाबीन टाकावं म्हणत हुतो," शेवटी तो म्हणाला. मग हळूच, "तू काय करतीस?"

"तूर," दैवशाला म्हणाली.