सुकेळीचा पाय

माणसांच्या दवाखान्यात माणूस भुंकताना तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. विरारला, आगाशी रोडवर, आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या केबिनमध्ये, भर सकाळी. बाहेर बाकावर तापाची पोरं आणि गुडघेदुखीच्या आज्या बसलेल्या. आणि आत डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत भुंकत होते आमच्या वरच्या मजल्यावरचे पेडणेकरकाका.

"तसा नाही हो डॉक्टर, जरा खोल घशातून येतो," असं म्हणत काकांनी मान पुढे काढली, खांदे वर घेतले आणि पुन्हा एकदा भुंकून दाखवलं. या खेपेला शेवटी थोडी घरघरही जोडली. बाहेर एक पोरगं रडायचं थांबलं.

डॉक्टर म्हणाले, "पेडणेकर, मी माणसांचा डॉक्टर आहे."

"मग मी कोण आहे? मला हा खोकला झालाय असं समजा आणि औषध लिहा. फक्त माझं वजन चौदा किलो धरा."

डॉक्टरांनी औषध लिहिलं नाही. पण त्यांनी फीही घेतली नाही, त्यामुळे काका घरी आले ते जिंकल्यासारखेच.

खोकला अर्थातच सुकेळीचा होता. सुकेळी ही काकांची कुत्री. एकदा काका आगाशीच्या बाजारात सुकेळी घ्यायला गेले. वाळवून मधासारखी झालेली ती केळी म्हणजे आमच्या भागाचा अभिमान, आणि भावही अभिमानालाच शोभेल असा. काका भाव ऐकून रिकाम्या पिशवीनिशी परत फिरले. मागून एक पिल्लू चालत आलं. रंग तोच, सुरकुत्या त्याच, आणि फुकट! नाही म्हणायला काकांना कारणच सापडेना.

"तिथे फसलो," ते पुढे सांगत. "वस्तू फुकट, पण सर्व्हिसिंग बघा!"

काकांनी सगळी हयात फोर्टातल्या एका कंपनीत बिलं तपासण्यात घालवली होती. कोणाचंही बिल आलं की त्यातली एखादी रक्कम शोधायची, तिच्याखाली लाल रेघ मारायची आणि "बसत नाही" असं लिहायचं. नियमात बसत नाही, मंजुरीत बसत नाही, कशातच बसत नाही. रिटायर होऊन ते विरारला फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा कंपनीचं घड्याळ आणि हे दोन शब्द एवढंच बरोबर घेऊन आले. फ्लॉवरचा गड्डा बसत नाही. टँकरच्या पाण्याची वर्गणी बसत नाही. लग्न का केलं नाहीत, असं माझ्या बायकोने एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, तेव्हा बसत नव्हतं. पुढे पगार वाढला, तर वय बसेना."

आणि अशा माणसाची गाठ पडली जनावरांच्या डॉक्टरशी. आमच्याकडे तेव्हा जनावरांचा डॉक्टर एकच, आणि त्याची फी माणसांच्या डॉक्टरच्या तिप्पट. काकांना हा मनुष्यजातीचा अपमान वाटे.

"पेशंट बोलत नाही. म्हणजे तुमचा वेळ वाचतो," काका मुद्दा मांडत. "फी निम्मी पाहिजे."

"बोलत नाही म्हणून तर मला दुप्पट डोकं चालवावं लागतं," डॉक्टर म्हणे. "फी दुप्पट पाहिजे."

"मग तिच्या वतीने मी बोलतो ना!" असं म्हणून काका भुंकत. डॉक्टर तरुण होता, चांगल्या घरातला होता. तो शांतपणे फी घेई.

शेवटी काकांनी तोड काढली. डॉक्टर घरी आला की व्हिजिट फी एकच, मग जनावर एक असो की दहा. काकांनी गल्लीभर फिरून सामुदायिक व्हिजिट ठरवली. एका रविवारी आमच्या बिल्डिंगच्या आवारात सुकेळी, तळमजल्यावरच्या तुस्कानोबाईंचा पॉमेरेनियन, मागच्या वाडीतली म्हैस आणि समोरच्या बिल्डिंगमधला एक पोपट असे सगळे जमले. पोपटाला काहीही झालेलं नव्हतं. पण व्हिजिट आहेच तर नखं कापून घ्यावीत, असा मालकाचा विचार. म्हैस फाटकातून आत यायला तयार नव्हती, आणि एकदा आल्यावर बाहेर जायला.

डॉक्टर गेला आणि फीच्या वाटणीवरून खरी मजा सुरू झाली. काका म्हणाले, वजनाप्रमाणे वाटू. म्हशीचा मालक उसळला, "म्हणजे अख्खी फी मीच देऊ काय?" मग डोक्याप्रमाणे वाटायचं ठरत होतं, तर पोपटवाला म्हणाला, "एवढ्याशा डोक्याला आणि म्हशीच्या डोक्याला सारखाच दर?" काकांनी डोळे मिटले. बिलं तपासणारा माणूस जागा झाला. "पायांप्रमाणे," ते म्हणाले. "पायामागे दर. चार पायांना पूर्ण, दोन पायांना निम्मं." सगळ्यांना पटलं. आमच्या गल्लीत पुढे कैक महिने हाच कायदा चालला.

आता मी या सगळ्यात कुठे? तर मी सुकेळीच्या बरोबर खाली. माझं डोकं आणि तिची नखं यांच्यामध्ये फक्त एक स्लॅब होता, आणि तोही आमच्या बिल्डरने घातलेला. रोज उजाडताना माझ्या छतावर टक टक टक टक सुरू होई. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दारापर्यंत आणि पुन्हा मागे. मी एकदा वर जाऊन म्हटलं, "काका, तिला मोजे तरी घाला."

"मोज्यांचा जोड दोनचा येतो. हिला दोन जोड लागणार. बसत नाही."

मग एक दिवस गोखिवऱ्याकडून माल घेऊन आलेला टेम्पो आमच्या गल्लीत मागे घेताना सुकेळीच्या मागच्या डाव्या पायावरून गेला.

मी आणि काका तिला चादरीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेलो. रिक्षावाल्याने मीटरवर किती सांगितले, काकांनी किती दिले, कोणी पाहिलं नाही. डॉक्टरने पाय तपासला, एक्स-रे काढला आणि आम्हाला बाहेर बोलावलं.

"हाड दोन जागी मोडलंय. सळई घालावी लागेल. त्याला मुंबईहून सर्जन बोलवावा लागेल, आणि तो खर्च मोठा आहे. शिवाय तिचं वय झालंय, भूल झेपेल की नाही सांगता येत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "दुसरा मार्ग म्हणजे एक इंजेक्शन. शांत झोपेल. दुखणार नाही. आणि काका, त्याचे मी पैसे घेणार नाही."

मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. इतकी वर्षं या डॉक्टरच्या तोंडून हेच एक वाक्य ऐकायला काका आसुसलेले होते. पैसे घेणार नाही! त्याच्यासाठी हा माणूस भुंकला होता, त्याने म्हशी गोळा केल्या होत्या. आता ते वाक्य समोर आलं होतं.

काकांनी दारातून आत टेबलावरच्या सुकेळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसत नाही."

"काय बसत नाही?"

"हे. सर्जनला बोलवा."

"अहो, खर्च ऐका तरी."

"ऐकणार नाही. ऐकला की मी घासाघीस करीन. तुम्ही बोलवा."

ऑपरेशन सोमवारचं ठरलं. म्हणून काका सुधारले असं समजू नका. त्याच संध्याकाळी ते गल्लीत घरोघर हिंडले. "सर्जन येतोच आहे मुंबईहून. तुमच्याकडे कोणाचा पाय मोडलाय का?" म्हशीच्या मालकाला विचारलं, पोपटवाल्याला विचारलं. एकाही जनावराला काही झालेलं नव्हतं. काका माझ्याकडे येऊन वैतागाने म्हणाले, "वेळेला कोणी उपयोगी पडत नाही हो."

तुस्कानोबाईंनी मात्र एक मार्ग सुचवला. रविवारी वसईकडच्या एका चर्चचा सण होता. तिथे नवसाला मेणाचे हात, पाय, डोकी मिळतात. ज्याला जे दुखत असेल त्याने ते चर्चमधल्या माऊलीच्या पायाशी ठेवायचं. हिंदू, ख्रिस्ती, सगळे ठेवतात.

"पण कुत्रीचा चालेल?" काकांनी विचारलं.

"माऊली काय रेशन कार्ड बघते काय?" तुस्कानोबाई म्हणाल्या.

झालं. रविवारी आम्ही तिघं सणाला. चर्चबाहेर मांडव, फुगे, चण्यांच्या गाड्या. मेणाच्या वस्तूंच्या ठेल्यावर लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी बसली होती. पुढ्यात पिवळट पाय असे रचलेले की एखाद्या पलटणीने काढून ठेवले असावेत.

"बाय, कुत्रीचा पाय आहे?" काकांनी विचारलं.

"कोणाचा?"

"कुत्रीचा. मागचा. डावा."

म्हातारीने तुस्कानोबाईंकडे पाहिलं. तुस्कानोबाईंनी गंभीरपणे मान हलवली. म्हातारी म्हणाली, "माणसाचा आहे. घर आहे, पाळणा आहे. कुत्र्याचा पाय कोण मागतं ओ अंकल? हा लहान बाळाचा घ्या. मापाला बरोबर होईल."

काकांनी बाळाचा पाय उचलून चष्म्याखाली धरला. बिल धरावं तसा. "हा सरळ आहे. तिचा असा मागे वाकतो."

"मागे कसा? गुडघा पुढेच असतो," फुगेवाला मध्ये पडला.

"पुढे गुडघा, खाली टाच मागे," मेणबत्त्या घ्यायला आलेला एक गृहस्थ म्हणाला.

"तुमच्याकडे कुत्रा आहे?" काकांनी त्याला दरडावलं.

"नाही."

"मग बोलू नका." आणि चर्चच्या सणात, बँडवाले सूर लावत असताना, फोर्टातल्या कंपनीचे निवृत्त कर्मचारी पेडणेकर धोतर सावरून दोन्ही हात आणि गुडघे टेकून खाली बसले. डावा पाय मागे उचलला. "असा! आता बघा. इथे वळण, मग इथे उलटं वळण."

म्हातारी हसता हसता डोळे पुसायला लागली. पण तिने तो बाळाचा पाय हातात घेतला, एका पेटत्या मेणबत्तीवर हळूहळू फिरवला आणि अंगठ्याने दाबून मागे वाकवला. मग बोटं चिमटीत धरून गोल केली. पाहता पाहता तो पंजा झाला. मला खोटं सांगायचं नाही, पाय हुबेहूब सुकेळीचा होता.

"नखं," काका उठून गुडघे झाडत म्हणाले.

"नखं कशाला? माऊलीला समजेल."

"नखं पाहिजेत."

म्हातारीने लुगड्याची पिन काढून चार नखं कोरली. मग सहज विचारलं, "घरात कोण कोण असतं अंकल?"

"मी, आणि ही," काका म्हणाले, आणि मेणाच्या पायाकडे बोट दाखवलं.

तिने बाळाच्या पायाचाच भाव सांगितला. मी श्वास रोखून उभा होतो. काका म्हणाले, "यात तुम्ही मजुरी धरली नाही." आणि त्यांनी वर पैसे ठेवले. त्यांच्या हातून एखादं बिल वाढलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

पाय माऊलीच्या पायाशी ठेवला, आणि सोमवारी ऑपरेशन झालं. सुकेळीला भूल झेपली, पण थोडे दिवस डॉक्टरकडेच ठेवायचं ठरलं. माझ्या मनात म्हटलं तर एक स्वार्थी विचार आला होता, की चला, आता झोप होईल. पहिल्या दिवशी छत गप्प होतं. मी उलट लवकरच जागा झालो.

मग एका सकाळी पुन्हा सुरू झालं. टक टक टक टक. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दारापर्यंत. सुकेळी तर डॉक्टरकडे! मी वर गेलो. दार नुसतंच लोटलेलं होतं. काका बनियन-धोतरावर, हातात छत्री, आणि छत्रीचं टोक लादीवर आपटत घरभर चालत होते.

मला पाहून थांबले. छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"लाद्या पोकळ आहेत का बघतोय," ते म्हणाले. "बिल्डरने सगळ्यांना फसवलंय."

"निघाल्या का पोकळ?"

"सगळ्याच," काका म्हणाले, आणि चहा टाकायला आत गेले.

सुकेळीला आणायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर म्हणाला, थोडी लंगडेल. काकांनी बिल हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, सवयीने खिशातलं लाल पेन चाचपलं आणि पैसे मोजून दिले. मग उंबऱ्यावर थांबून वळले. "आमच्याकडे पायामागे दर असतो डॉक्टर. पावणेचार पाय परत मिळालेत. लक्षात ठेवा."

रिक्षात सुकेळी त्यांच्या मांडीवर होती. मी न राहवून विचारलं, "काका, एवढे पैसे कुठून उभे केलेत?"

"एक एफडी होती," ते बाहेर पाहत म्हणाले. "माझ्या शेवटाची. लाकडं, भटजी, टेम्पो, सगळं धरून ठेवलेली. मागे कोणी नाही, उगाच शेजाऱ्यांच्या खिशाला कात्री नको. ती मोडली."

मी सुकेळीच्या डोक्यावरून हात फिरवला. काकाच म्हणाले, "आता मरणं बसत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना छतावर आवाज आला. टक टक टक, आणि मग लादीवरून काहीतरी घासत गेल्यासारखं. पुन्हा टक टक टक, आणि घासलं. बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत फार वेळ लागत होता. मागे काकांच्या चपला तेवढ्याच हळू चालत होत्या. मग बिल्डरच्या कृपेने मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"सावकाश गं. घाई नाही. मला कुठे जायचंय?"