जप्तीतला जावई

कवळीवाल्याच्या मुलीला पहिला दात आला आणि त्याच्या वडिलांचा शेवटचा दात पडला, ते एकच वर्ष. त्याच वर्षी त्याची आई गेली आणि वडील, म्हणजे अण्णा, ट्रंक घेऊन मुलाकडे आले. राहायला आलो असं ते म्हणत नसत. "दोन दिवस आहे, मग जाईन," असं रोज सकाळी सांगत आणि ट्रंकेतलं सामान बाहेर काढत नसत. त्यांच्या रिकाम्या घरात ते एकटे काय खातील, कोणाशी बोलतील, या विचाराने कवळीवाला त्यांना जाऊ देत नसे.

घर तीन खोल्यांचं. मागच्या दोन खोल्यांत संसार, पुढच्या खोलीत धंदा. प्लास्टरचे साचे, मेणाचा वास आणि फळीवर माणसांवाचून हसणाऱ्या कवळ्यांची रांग. गिऱ्हाइकाला बसायला बाकडं होतं आणि करमायला काचेची टाकी. टाकीत एक मासा. माशांच्या दुकानदाराने दिला तेव्हा अंगठ्याएवढा होता, आणि शोभेचा, गरीब आहे असं सांगून दिला होता. त्या गरिबाने टाकीतले बाकीचे शोभेचे मासे एकेक करून संपवले आणि तळहाताएवढा झाला. पोट लाल, खालचा जबडा पुढे आणि दात करवतीसारखे. एका गिऱ्हाइकाने ओळखलं, की हा पिरान्हा. कवळीवाल्याला उलट बरंच वाटलं. दातांच्या दुकानाला याहून चांगली पाटी कुठली मिळणार?

खरं तर मासा महाभित्रा. कोणी खोकलं तरी दगडामागे दडे. पोटभर खायचं, आडोशाला पडून राहायचं आणि माणूस जवळ आलं की तोंड फिरवायचं, म्हणून कवळीवाल्याची बायको त्याला 'जावई' म्हणे.

अण्णांचं अंथरूण याच खोलीत पडलं. अण्णा जन्मभर कोर्टात बेलिफ. लोकांची कपाटं, शिलाईयंत्रं जप्त करण्यात हयात गेली, पण नियमाबाहेर पाऊल कधी टाकलं नाही. एक दिवस त्यांनी पेपरात वाचलं, की या माशाला बंदी आहे. नदीत सुटला तर तिथल्या माशांचा फडशा पाडील. त्यांनी मुलाला समोर बसवलं.

"याला घालव."

"कुठे घालवू, अण्णा?"

"आणताना मला विचारलं होतंस का?"

कवळीवाला दुकानदाराकडे गेला, तर त्याने ओळखसुद्धा दाखवली नाही. असला मासा आपल्या दुकानात कधी नव्हताच, म्हणाला. तळ्यात सोडावा, तर तो पाळण्याहून मोठा गुन्हा. मारावा, तर बायको आडवी आली. ज्याला जावई म्हटलं त्याला आपल्या घरात मारू देणार नाही, म्हणाली. मग अण्णांनी ट्रंक दाराशी आणून ठेवली. या घरात एक तर तो राहील, नाही तर मी, एवढं बोलून ते फिरायला गेले. ते थेट मत्स्य खात्याच्या कचेरीत पोचले आणि पोटच्या मुलाविरुद्ध तक्रार देऊन परत आले. आल्यावर सुनेला स्वतःच सगळं सांगितलं आणि वर चहा मागितला.

खात्याचे साहेब बादली घेऊन आले. टाकीत डोकावले आणि त्यांनी बादली पाठीमागे धरली. कचेरीत टाकी एकच होती आणि तीत जप्तीची कासवं होती. त्यांच्यात याला सोडला, तर आधीच्या खटल्याचा पुरावाच हा खाणार. शिवाय याला पाणी कोमट लागतं, आणि कचेरीची वीज शिपाई जाताना बंद करतो. तेव्हा पंचनामा करून मासा एखाद्या विश्वासू माणसाच्या ताब्यात ठेवायचं ठरलं. आरोपीला ताबा देता येईना. आरोपीच्या बायकोलाही नाही. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. साहेबांची नजर फिरत फिरत अण्णांवर येऊन थांबली.

"काका, तक्रार तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तुमच्याइतका विश्वासू माणूस या घरात दुसरा नाही. करा सही."

साहेबांनी अटी वाचल्या. मासा दगावता कामा नये, टाकी हलवायची नाही आणि निकाल लागेपर्यंत ताबेदाराने हा पत्ता सोडायचा नाही. अण्णांनी शेवटची अट पुन्हा वाचायला लावली. कवळीवाला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण आरोपीने हसणं बरं दिसलं नसतं.

अण्णांनी ताबा घेतला तो अगदी बेलिफासारखा. कोळंबीचे तुकडे लांब चिमट्याने द्यायचे, टाकीत बोट घालायचं नाही, उरलेलं लगेच काढायचं, नाही तर पाणी नासतं. थंडीत वीज गेली की स्वतःची शाल टाकीला. गिऱ्हाइकाने काचेवर टकटक केली, की आतून दरडावणी येई, "सरकारी माल आहे तो."

एकदा पाण्याचा गरमपणा बघायला ते टाकीवर वाकले आणि त्यांना शिंक आली. मुलाने मायेने करून दिलेली नवी कवळी तळाशी जाऊन बसली. माशाने आपल्याहून मोठे दात पाहिले आणि तो कोपऱ्यात गेला तो दिवसभर हललाच नाही. कवळीवाल्याने चिमटा उचलला.

"ठेव तो खाली," अण्णा म्हणाले. बोळक्या तोंडातूनही हुकूम कळला. "मुद्देमालाला आरोपीने हात लावायचा नाही."

"मग तुम्ही काढा."

"मी ताबेदार आहे. मालातलं परस्पर काही उचलायचा मला अधिकार नाही."

पुन्हा साहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि पंचनाम्याला पुरवणी जोडली: मासा, नग एक, कवळी, नग एक. आता कोर्टाच्या हुकमाशिवाय दोन्ही हलेनात. कवळीवाल्याने मुकाट्याने दुसरी कवळी केली. पुढे मासा पहिलीला सरावला आणि तिच्याच आडोशाला झोपू लागला.

तारखा पडत राहिल्या. मुलगी चालायला शिकली ती टाकीची घडवंची धरून, आणि आकडे शिकली ते टाकीतले दात मोजून. संध्याकाळी धंदा आवरला, की सून बाकड्यावर भाजी निवडत बसे, कवळीवाला साच्यातलं मेण खरवडी आणि अण्णा पेपर मोठ्याने वाचत, म्हणजे माशालाही कळावं. कधी जाणार, असं कोणी विचारलं, की म्हणत, "निकाल लागू दे." घरातले सगळ्यात सुखाचे दिवस ते, असं कवळीवाला पुढे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना सांगे.

मुलगी शाळेत जाऊ लागली आणि साहेब पुन्हा बादली घेऊन आले. खात्याने खटला मागे घेतला होता, मोठी टाकीही बांधली होती.

"काका, सुटलात तुम्ही. आता खुशाल आपल्या घरी जा."

सुनेने हातातली भाजी खाली ठेवली. अण्णांनी टाकीवर हात ठेवला.

"लेखी हुकूम आणलाय?"

"येईल हो मागाहून. मी सांगतोय ना."

"साहेब, तोंडी हुकमावर मी कधी कोणाची खुर्चीसुद्धा उचलली नाही. हा तर जीव आहे."

साहेब रिकामी बादली घेऊन निघाले. कवळीवाला त्यांना पोचवायला दारापर्यंत गेला आणि त्याने लेखी हुकूम कधी येईल, असं हळूच विचारलं.

"का, तुम्हाला घाई आहे?"

"छे."

"मग मलाही नाही," साहेब म्हणाले आणि जिना उतरले.

हुकूम आला नाही. अण्णा गेले ते मुलगी सातवीत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारच्या झोपेत. जावई मेला तो ती कॉलेजात गेली त्या हिवाळ्यात.