साहेबांचा पाय आणि लांबची दीर्घिका

साहेब खुर्चीत टेकले, पाणी प्याले आणि त्यांचा उजवा पाय सुरू झाला. टाच वर, टाच खाली, शिवणयंत्रावर बसल्यासारखा. तारेबुवा पायाखालच्या फळ्यांकडे बघायला लागले.

आता पाय हलवायची सवय काय, लाखो लोकांना असते. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण तारेबुवांचं घर वरच्या मजल्यावर, जमीन जुन्या लाकडी फळ्यांची, आणि पडद्यामागच्या गॅलरीत त्याच फळ्यांवर त्यांची दुर्बीण उभी. ती आत्ता, या क्षणी, एका दीर्घिकेचा फोटो घेत होती. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा घोळका. पण ही इतकी लांब आणि इतकी अंधूक, की एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं लागत. तेवढा वेळ यंत्र एका ठळक ताऱ्यावर नजर ठेवून आकाशाबरोबर सरकायचं. तो तारा कोपऱ्यातल्या लॅपटॉपवर दिसत होता आणि साहेबांच्या टाचेबरोबर टुणटुण उड्या मारत होता.

तारेबुवा हे नाव ऑफिसातलं. पोटासाठी ते नकाशे काढत. मोठ्या शहरातल्या मुख्य कचेरीत एक नकाशेवाला हवा होता आणि साहेब उद्या सकाळी तारेबुवांचं नाव कळवणार होते. बढती होती, मान होता. पण त्या शहरात रात्रीचा असा झगझगाट, की डोक्यावर आभाळ आहे याचाच पत्ता लागत नाही. बदली झाली की दुर्बीण माळ्यावर गेलीच! पण हे कारण साहेबांना कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तारेबुवांनी आईचे गुडघे पुढे केले. आईला धड उठवत नाही, तिला घेऊन परगावी कसा जाणार? साहेब म्हणाले, "असं? येतो एकदा आईंना भेटायला." आणि आले की जेवायला!

तारेबुवा पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरले.

"अहो, आजच्या दिवस ते नळकांडं बंद ठेवलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का?" बायको कुजबुजली.

"उद्यापासून चंद्राचा उजेड आहे गं! आणि बदली झालीच तर हा शेवटचा फोटो."

"मग सांगा त्यांना, पाय आवरा म्हणून."

"तू सांग ना."

"मी का? माझा साहेब आहे का तो?"

तारेबुवांनी बाहेर येऊन साहेबांच्या पायाखाली उशी सरकवली. "पाय अवघडले असतील, साहेब."

"छे, कशाला एवढं!" म्हणत साहेबांनी उशी उचलून पाठीशी घेतली. पाठीला आराम मिळाल्यावर पायाला आणखीच जोर चढला.

मांडीवर मूल असलं की माणूस जपून बसतो, असा तारेबुवांचा अंदाज. त्यांनी आपल्या धाकट्या लेकीला उचलून साहेबांच्या मांडीवर ठेवलं. धाकटीने भोकाड पसरलं. साहेब मनाचे प्रेमळ निघाले. "अलेलेले" करत ते दोन्ही पाय हलवायला लागले. लॅपटॉपवरचा तारा पडद्याबाहेर गेला.

इकडे आई गुडघ्यांवर शाल घेऊन, ठरल्याप्रमाणे आजारी बसली होती. हे नाटक तिला मुळातच पसंत नव्हतं. त्यात पाय हलवणारा माणूस तिला जन्मात बघवला नाही. या एका सवयीपायी तारेबुवांनी लहानपणी तिच्या हातच्या किती चापट्या खाल्ल्या त्याची गणती नाही. मघापासून ती ओठ आवळून सोसत होती. शेवटी तिने शाल भिरकावली, ताडताड खोली ओलांडली आणि साहेबांच्या गुडघ्यावर सणसणीत चापटी दिली.

"पाय हलवू नये! किती वेळ बघतेय मी!"

धाकटीसुद्धा गप्प झाली. तारा पडद्यावर परतला आणि स्थिर उभा राहिला. तारेबुवांच्या आधी तेवढंच लक्षात आलं. मग बाकीचं लक्षात आलं.

"आई," साहेब बिचकत म्हणाले, "तुमचे गुडघे…"

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? रोज दोनदा गच्चीवर जाते मी."

साहेबांनी सावकाश मान वळवली. "तारेबुवा?"

आता लपवण्यासारखं उरलं होतं काय! तारेबुवांनी पडदा सारला, दुर्बीण दाखवली, लॅपटॉप दाखवला आणि अडखळत, घाम पुसत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या पायाने फोटो बिघडत होता?"

"हो, साहेब. म्हणजे, नाही, साहेब."

"मग मघाशीच सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला, साहेब?"

साहेबांनी धाकटीला तिच्या आईकडे दिलं, दोन्ही पाय वर घेतले आणि खुर्चीतच मांडी ठोकली. "घ्या फोटो. कोणी हलायचं नाही. वहिनी, भांडी नंतर."

पाच मिनिटं घरात सगळे पुतळे झाले. मग पडद्यावर फोटो उमटला. मधोमध राखाडी रंगाचं काहीतरी फिसकटलेलं होतं.

"एवढंच?"

"एवढंच, साहेब."

"अहो, हा बोटाचा डाग वाटतोय."

"हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, साहेब."

"कोणीच नाही?"

"साहेबसुद्धा नाहीत," आई म्हणाली.

साहेबांनी डोळे बारीक करून तो डाग पुन्हा पाहिला. "आणि याच्यासाठी तुम्ही बढती सोडताय?"

"हो, साहेब," तारेबुवा म्हणाले. संध्याकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं.

"हं. आणखी एक घ्या," साहेब एवढंच बोलले. बदलीचं अवाक्षर नाही.

पुन्हा सगळे गप्प. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तारा परत टुणटुण उड्या मारायला लागला.

"कोण हलतंय?" साहेब गरजले. त्यांनी आधी स्वतःचे पाय तपासले. मांडी जागच्या जागी होती. वहिनी भिंतीला चिकटून उभ्या, धाकटी त्यांच्या खांद्यावर झोपलेली, आई तर श्वास रोखून. मग सगळ्यांच्या नजरा एकदमच लॅपटॉपच्या टेबलाखाली गेल्या. तिथे तारेबुवांचा उजवा पाय भरधाव चालला होता. टाच वर, टाच खाली.

आईने हात उगारला. साहेबांनी तिला खुणेनेच थांबवलं.

"राहू द्या, आई. तारेबुवा, बदली थांबवली तुमची. आता पाय थांबवा."