तुरीच्या फुलावरचा पुरावा

"या पोराच्या डोळ्यातून काही सुटत नाही!"

चौथीतल्या मास्तरांचा तो आवाज खुशालरावांच्या कानात अजून घुमे. मास्तर हे दुसऱ्याच्या जेवणाच्या डब्यावरच्या नजरेबद्दल बोलले होते, तेवढं खुशालराव विसरले होते. रेल्वेत तिकिटं तपासून तपासून निवृत्त झाले आणि बडनेऱ्याच्या घरावर पाटी लावली: 'वऱ्हाडातील एकमेव तीक्ष्ण नजर. गुप्तहेर. बेल जोरात दाबा.'

बेल दाबली अमरावतीच्या ज्योत्स्ना मॅडमनी. त्या रानातल्या मधमाश्यांना शास्त्रीय नावं देत. पातूरच्या लेण्यांजवळची काळी माशी त्यांनी गेल्या साली नाव देऊन छापली होती. आता अकोल्याचे अश्विन सर तिथलीच पांढऱ्या मिशांची माशी 'नवी जात' म्हणून छापायला निघाले होते.

"काका, माझीच माशी रंगवली नसेल ना? एकच जात निघाली, तर आधी छापलेलं माझं नाव राहील, त्यांचं बाद. आणि काय नाव ठेवलंय, ते सांगतच नाहीत!"

"नाव लपवते तो विनातिकीट!" खुशालरावांनी निकाल दिला.

रविवारी मॅडम आणि सर दोघांना माश्यांच्या डब्यांसकट अंगणात बोलावलं. खुशालरावांनी सरांच्या टाचणीवरच्या माशीवर भिंग रोखलं. "चुना हाय!" ओलं बोट घासलं. मिशी निघेना. "मंग म्हातारपण हाय. केस पिकले." तेवढ्यात गुलाबाची पानं दिसली. कडेला गोल गोल कापलेली. "तिकिटाचा पंच! गुन्हेगार रेल्वेतला!"

घरात पंच एकाकडेच होता. त्यांनी तो हळूच खिशात सारला.

"काका, ती माशीच पान कातरते, घरट्यासाठी," अश्विन सर म्हणाले.

कुंपणाशी तूर पिवळी फुलली होती, फुलांवर कोवळं ऊन उतरलं होतं. शेंगा तोडता तोडता पार्वताबाईंनी नवऱ्याला हाक मारली. "अवो, इकडं या जी! मॅडमची काळी अन् सरांचा मिशावाला इथं संसार मांडून राहिले. नवरा-बायको हायेत ते! दोघायले येगयेगळ्या जाती कायले?"

चौघं वाकले. फुलावरची जोडी कुणाकडे बघायला मोकळी नव्हती.

अश्विन सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझं नाव गेलं."

जिंकूनही ज्योत्स्ना मॅडमना गोड वाटेना. "आता तरी सांगा, काय ठेवलं होतं?"

"चौकशीले सहकार्य करा!" खुशालराव गरजले.

"तुमी गप बसा जी," पार्वताबाई म्हणाल्या.

अश्विन सरांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"तुमचं. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती मॅडम, म्हणून माशीच्या हाती निरोप धाडत होतो."