अस्वलाने खाल्लेलं स्वागतगीत

एका जंगलात एक पियानो होता.

बाळांनो, जंगलात पियानो कुठून आला, असं विचारू नका. तुमच्या घरात ती व्यायामाची सायकल आहे ना, जिच्यावर टॉवेल वाळत असतात? ती कशी आली? तसाच तोही आला. तळ्याकाठी कुणा साहेबाचा बंगला होता. साहेब गेला, बंगला उरला आणि बंगल्याच्या व्हरांड्यात पियानो उरला.

त्या जंगलात झिपरू नावाचं एक अस्वल राहत होतं. स्वभावाने गरीब, अंगाने भरदार आणि खाण्याच्या बाबतीत अगदी प्रामाणिक. समोर आलेल्या कुठल्याही पदार्थाला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी जंगलात एक टूम निघाली. प्रत्येक प्राण्याला एक छंद हवाच! रानडुकरं मातीची भांडी करू लागली. ससे पहाटे उघड्यावर डोळे मिटून ध्यानाला बसू लागले. या ध्यानाला कोल्ह्यांनी फार उत्तेजन दिलं. झिपरूला कुणीतरी विचारलं, "तुमचा छंद काय?" तो म्हणाला, "जेवण." सगळे खो खो हसले. झिपरूला ते फार लागलं.

तो तडक बंगल्यावर गेला. पियानोवर एक जाड पुस्तक पडलं होतं. त्याने ते उघडलं. आत पाच-पाच रेघा आणि त्या रेघांवर काळ्याभोर मुंग्या. पानामागून पान, मुंग्याच मुंग्या. आता मुंग्या दिसल्यावर अस्वल काय करतं, ते तुम्हाला माहीत आहे. झिपरूने पहिलं पान चाटलं. दुसरंही चाटलं. एकही मुंगी निघाली नाही. जीभ तेवढी काळी झाली.

"ते सूर लिहिलेत, गाढवा," पायरीवरून आवाज आला. "ते वाचायचे असतात. चाटायचे नसतात."

हे शांतारामबापू. तळ्यातलं वयोवृद्ध कासव. त्यांना बसायला ती पायरी आवडायची, कारण तिथवर पोचलं की परत जायची घाई नसायची.

"बापू, हे वाचायला किती दिवस लागतात?"

"मला विचारशील तर फार नाही. साठेक वर्षं."

झिपरूने पुस्तक मिटलं आणि तो साळुंकीबाईंकडे गेला.

साळुंकीबाईंचा वर्ग तेव्हा जोरात चालला होता. 'कागद नको, कटकट नको! बघता बघता पियानो!' असं त्या स्वतःच झाडाझाडावर जाऊन ओरडून सांगत. त्यांची पद्धत सोपी होती. त्यांनी पियानोच्या पाच पट्ट्यांवर डिंकाने पाच सुकी फळं चिकटवली. जांभूळ, करवंद, बोर, चिंच आणि आवळा.

"आता म्हणा झिपरूभाऊ, जांभूळ करवंद बोर, चिंच आवळा बोर. आणि म्हणाल तिथे बोट ठेवा."

झिपरूने बोट ठेवलं. आणि काय सांगू तुम्हाला, खरोखरच गाणं वाजलं! ते स्वागतगीत होतं. साळुंकीबाई तेवढंच शिकवत.

"आणि बाकीच्या पट्ट्या?" झिपरूने विचारलं.

"त्या शोभेच्या," बाई म्हणाल्या.

झिपरू रोज संध्याकाळी वाजवू लागला. एकच अडचण होती. फळावर बोट जरा वेळ राहिलं की त्याच्या तोंडाला पाणी सुटे. म्हणून तो बोट टेकवताच उचलायचा. टेकव, उचल, पळ! सगळं गाणं एका दमात खलास. साळुंकीबाई म्हणत, "काय हात बसलाय!"

ऐकायला एकटे बापू असत. पण त्यांची गोष्ट अशी, की पहिला सूर धाडकन वाजला की त्यांची मान आपोआप कवचात जाई. ती हळूहळू बाहेर येईपर्यंत गाणं संपलेलं असे.

"छान असावं," बापू म्हणत. "आतून तरी छान वाटतं. जरा हळू वाजवत जा रे."

"उद्या नक्की, बापू."

असे पुष्कळ उद्या गेले. आणि एके दिवशी बापू म्हणाले, "झिपऱ्या, तळं आटत चाललंय. लेक बोलावतेय नदीवर. जातो आता तिच्याकडे."

झिपरू विचारात पडला. आपलं गाणं ऐकणारं जंगलात एकच माणूस, म्हणजे कासव, आणि त्यानेही ते अजून नीट ऐकलेलं नाही! मान बाहेर काढून बापूंनी एकदा तरी ते ऐकलं पाहिजे, एवढंच त्याच्या मनात घोळू लागलं. त्याने हळू वाजवायचा सराव केला. करवंदापर्यंत हळू जमे. पुढे बोर आलं की हात पळत सुटे.

निरोप समारंभ ठरला. व्हरांड्यासमोर सगळं जंगल जमलं. "निरोपाला स्वागतगीत कसं चालेल?" कुणीतरी शंका काढली. "का नाही? जातायत तिथे त्यांचं स्वागतच होणार ना?" साळुंकीबाई म्हणाल्या, आणि शंका मिटली.

पुढच्या रांगेत बगळेमास्तर उभे होते. बगळेमास्तर जंगलातले जाणकार. ते एका पायावर उभे राहत आणि डोळे मिटून घेत. तेवढ्यावरच सगळे त्यांना मानत.

झिपरूला आधीच पियानोपाशी नेऊन बसवलं. मग अध्यक्ष म्हणून गवा बोलायला उठला. गवा म्हणाला, "मी तुमचा फार वेळ घेणार नाही." बाळांनो, असं कुणी म्हणालं की काय समजायचं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल. गवा बापूंच्या जन्मापासून सुरू झाला. बापूंचं वय लक्षात घ्या.

झिपरूला धडधडत होतं. धडधडलं की त्याला भूक लागे. बापू बालपणात होते तेव्हा त्याने नुसतं जांभूळ चाचपलं. बापू तरुण झाले तेव्हा करवंद कधी तोंडात गेलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. भाषण संपून टाळ्या झाल्या आणि झिपरूने खाली पाहिलं. पाचही पट्ट्या पांढऱ्याफटक! आवळ्याची बी अजून त्याच्या गालात होती.

त्याने अख्खं स्वागतगीत खाल्लं होतं.

समोर बापू त्याच्याकडे बघत होते. मान बाहेर होती. झिपरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळून जावं, असंही वाटलं. पण बापूंना काय वाटेल? मग त्याने अस्वल जे करतं तेच केलं. नाक खाली घातलं.

डिंकात फळांचा वास मुरला होता. हुंगत हुंगत जांभळाची जागा सापडली. त्याने पट्टी दाबली. सूर निघाला. बापूंची मान आत गेली. झिपरू पुढचं नाक लावून शोधू लागला. हुंगलं, दाबलं. पुन्हा हुंगलं, दाबलं. दोन सुरांच्या मध्ये एक म्हैस सावकाश रस्ता ओलांडून गेली असती.

बगळेमास्तरांनी चक्क एक डोळा उघडला.

"अहाहा!" ते पुटपुटले. "प्रत्येक सुरापुढे मस्तक टेकवतोय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वेळात बापूंची मान हळूहळू बाहेर आली आणि बाहेरच राहिली. ते ऐकत होते. पहिल्यांदाच, कवचाबाहेरून. त्यांचे डोळे भरून आले. ते झिपरूने पाहिलं आणि त्याचेही आले.

इथे खरी पंचाईत झाली. रडू आलं की आधी नाक भरतं. आता त्याला वासही येईना. गाणं अर्ध्यावर थांबलं. झिपरूने मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं. फळांची नावं नाहीत, नुसते सूर. एक पट्टी दाबली. ही नव्हे. शेजारची दाबली. हो, हीच! एकेक सूर असा कानाने चाचपत तो शेवटापर्यंत पोचला. चुकला, थांबला, पण पोचला.

"मुद्दाम चुकला," मास्तरांनी खुलासा केला. "खऱ्या सुराची किंमत कळावी म्हणून."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बापूंनी झिपरूच्या पायावर मान टेकवली आणि ते निघाले. ते दोन पायऱ्या उतरेपर्यंत सभा पांगली, भेळ संपली आणि अंधारही पडला.

दुसऱ्या दिवशी साळुंकीबाईंचा नवा वर्ग निघाला. 'फळं नकोत, फजिती नको! नाकाने पियानो!' हत्तीला त्यांनी पहिल्याच दिवशी उत्तीर्ण केलं. सर्दी झालेल्यांसाठी वरची परीक्षा ठेवली. व्हरांड्यात दिवसभर हुंगण्याचा आवाज येऊ लागला आणि मास्तर एका पायावर उभे राहून दाद देऊ लागले.

झिपरू मात्र सगळे गेल्यावर येई. फळं नाहीत, नाक नाही, चाचपत चाचपत वाजवी. पायरी रिकामी असे. तिच्याकडे त्याला बघवत नसे, म्हणून तो पाठ करून बसे.

आठवडाभराने असाच तो वाजवून थांबला. सगळीकडे सामसूम होती. इतक्यात तळ्याच्या बांधापलीकडून, अगदी जवळूनच, ओळखीचा आवाज आला.

"आता बरं वाजवतोस रे. पण जरा हळू. मला अजून नदी गाठायचीय."

तात्पर्य : बाळांनो, कागदावरून शिका, फळांवरून शिका नाहीतर नाकाने शिका, शिकलेलं ऐन वेळी दगा देतंच. म्हणून उगाच जास्त सराव करू नका. भाषणं लांबली तर समोर असेल ते खुशाल खाऊन घ्या. बाकीचं जाणकार सांभाळून घेतात. फक्त ऐकणारा तेवढा सावकाश जाणारा निवडा.