लवंगेची डबी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अठरा वर्षं मी एका भल्या माणसाची त्याच्या तोंडावर टिंगल केली, आणि करताना चेहरा हसरा ठेवला.

त्यांचं नाव अरुळदास; सगळे त्यांना अरुळ सार म्हणत, इकडे सरांना सारच म्हणतात. तंजावरच्या एका सरकारी कचेरीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. त्यांना राग आला की कचेरीत लवंगेचा वास सुटायचा. कुणी वाकडं बोललं आणि उलट उत्तर जिभेवर आलं, की अरुळ सार शर्टाच्या खिशातून पत्र्याची चपटी डबी काढत, एक लवंग दाढेखाली ठेवत, आणि ती चावून संपेपर्यंत तोंड उघडत नसत. नवीन बदलून आलेले लोक त्यांना दातदुखीवर औषधं सुचवायचे. अरुळ सार प्रत्येक औषध वहीत लिहून घेत आणि आभार मानत.

"आपण बोललो की आधी येशूसामीला ऐकू जातं," ते म्हणायचे, "समोरच्याला नंतर." म्हणायचे अर्थात तमिळमध्ये.

त्यांचा दुसरा नेम याहून अवघड. भेटेल त्याला रोज एक चांगला शब्द द्यायचा, आणि तो खरा असला पाहिजे. खोटी स्तुती त्यांच्या लेखी शिवीइतकीच वाईट. मग पंचाईत व्हायची. आमच्या कँटीनची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. अरुळ सार घोट घेत, डोळे मिटून शोधत बसत, आणि शेवटी म्हणत, "गरम आहे हं, अण्णा!" एकदा साहेबांनी त्यांना कडक मेमो दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, लवंग काढली, ती संपवली, आणि म्हणाले, "सार, अक्षर काय मोत्यासारखं आहे तुमचं!" साहेबांना वाटलं टोमणा मारला. त्यांनी दुसरा मेमो दिला. त्याचंही अक्षर चांगलंच होतं, असं अरुळ सारांनी आम्हांला सांगितलं.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. आम्ही मराठी माणसं कितीतरी पिढ्या या गावात आहोत. बाहेर तमिळ, घरात मराठी. त्यामुळे मराठी म्हणजे आमची कुलूपबंद पेटी. साडीच्या दुकानात दुकानदारासमोरच आई वडिलांना सांगणार, "हा लुटतोय, उठा," आणि दुकानदाराला वाटणार, रंग आवडला. चेहरा हसरा ठेवला की झालं. हे शिक्षण आम्हांला पाळण्यात मिळतं.

कचेरीत आम्ही दोघे मराठी, मी आणि माझा आतेभाऊ गोपाळ. अरुळ सार आले की गोपाळ फायलीतून डोकं न काढता म्हणायचा, "आली लवंगसामीची स्वारी."

"आज माझ्यात काय चांगलं सापडतंय बघूं," मी म्हणायचो.

"तुझ्यात? मग संध्याकाळ होणार त्यांना."

तोवर अरुळ सार येऊन म्हणायचे, "राव सार, आज भांग अगदी सरळ पडलाय." आम्ही हसायचो. तेही हसायचे. त्यांच्या शर्टाची इस्त्री, त्यांचं चालणं, जेवायच्या आधीची त्यांची प्रार्थना, काही म्हणून आम्ही सोडलं नाही.

मग त्यांची बायको वारली. मूलबाळ नव्हतं. दहा दिवसांनी ते कामावर आले आणि दुपारी डबा उघडून सांगत बसले, शेजारच्यांनी कशी कंजी, म्हणजे तांदळाची पेज, आणून दिली, चर्चमधल्या लोकांनी किती सुंदर गायलं, डॉक्टर कसे हळू आवाजात बोलले. सांगणं संपेना. मला एक फाईल पुरी करायची होती. मी गोपाळकडे वळलो, तोंडावर ते नेहमीचं हसू ठेवलं, आणि म्हणालो, "ही बाई मेली नाही रे, सुटली. हे गोड ऐकून ऐकून कान पिकले असतील तिचे."

गोपाळसुद्धा हसला नाही.

अरुळ सारांनी डबी काढली. दोन लवंगा घेतल्या. दोन घेताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "राव सार, तुमच्या अम्मांचा गुडघा कसा आहे?"

मला वाटलं, बायकोच्या आठवणीनं घेतल्या असतील.

पुढे ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी माझी आई अंथरुणाला खिळली. शेवटी शेवटी ती तमिळ पार विसरली. नर्सशी मराठी, डॉक्टरांशी मराठी. इस्पितळात दिवसा तिच्याजवळ बसायला एक बाई ठेवली होती. ती म्हणायची, "दुपारी एक सार येतात, त्यांच्याशी मात्र आजी पुष्कळ बोलतात." मला वाटलं, गोपाळ असेल.

एकदा मी लवकर सुटलो. वॉर्डात पोचलो तर पडद्याआडून आईचं हसणं ऐकू आलं. आणि मग एक पुरुषाचा आवाज, "थोडी कंजी घेतलांत का, आक्का? दोन चमचे तरी घ्या."

मराठी. आमच्या आजोबांच्या वेळची, जुन्या वळणाची, स्वच्छ मराठी. आवाज अरुळ सारांचा.

मी पडद्याला हात लावला नाही.

"हे बोलणं शिकलांत कुठें?" आई विचारत होती.

"माझी आई राजवाड्यामागच्या गल्लीत तुमच्या लोकांकडे शिवणकाम करायची. मी उंबऱ्यावर बसायचो दिवसभर. आधी तुमची भाषा आली, मग शाळा आली."

"माझ्या मुलाला ठाऊक आहे?"

"नाही, आक्का. सांगूं नका. कळलं असतं तर माझ्यासमोर बोलायचे बंद झाले असते. घरी आम्ही दोघंच. ती गेल्यावर तर भिंतीच. कचेरीत ते दोघे भाऊ लहानपणच्या भाषेत बोलायचे, तेवढं कानाला बरं वाटायचं."

"काय बोलायचे?"

पडद्याआडून लवंगेचा वास आला. अठरा वर्षांत कोणकोणत्या दिवशी तो वास आला होता, हे मला तिथे उभ्याउभ्या एकदम समजलं. लवंग संपली असावी. मग ते म्हणाले, "आवाज गोड आहे तुमच्या मुलाचा."

मी जिना उतरून खाली आलो आणि ते जाईपर्यंत समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभा राहिलो.

आई गेली त्याला आता तीन वर्षं होतील. गोपाळ मुलाकडे बंगळूरला असतो. माझ्या मुलीला मराठी कळते, पण उत्तर ती तमिळमध्ये देते. बायको तिच्याशी आणि माझ्याशीही तमिळच बोलते. कित्येक दिवस असे जातात की माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघत नाही. ओळखीची मराठी घरं पांगली; या गावात आता मला मराठी बोलायला एकच माणूस उरला आहे, आणि तो कोण, हे आलंच तुमच्या लक्षात.

रविवारी चर्चमधून परत जाताना ते माझ्या घरावरून जातात. मी दाराशी असतो. दर वेळी ठरवतो, आज मराठीत बोलायचं. मागच्या रविवारी तोंड उघडलंसुद्धा. बाहेर पडलं ते तमिळच, "काय ऊन आहे, सार."

त्यांनी डोळे मिटले, शोधलं, आणि म्हणाले, "कपडे लवकर वाळतात, राव सार." मग थोडे थांबले. मी अजून काही बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी तोंडावर हसू तेवढं ठेवलं. ते गेले.

ही लिपी मला वडिलांनी शिकवली. माझ्या घरात ती आता कुणाला वाचता येत नाही, म्हणून एवढं लिहायचं धाडस झालं. अरुळ सारांनाही ती वाचता येत नाही. त्यांनी आमची भाषा उंबऱ्यावर बसून ऐकली, पाटीवर गिरवली नाही. तेव्हा लिहून माझी सुटका नाही. मी त्यांची माफी मागायची आहे. तोंडानं, मराठीत, हसू न ठेवता. ती अजून मागितलेली नाही.