अण्णा म्हणू नये

तंबीने दुसऱ्या दिवशीही दहीभाताला तोंड लावलं नाही. विमलाबाईंनी भातावर साय घातली, मग तूप घातलं, मग बाळकृष्णरावांची नजर चुकवून त्यात एक उकडलेलं अंडं कुस्करलं. तंबीने भांड्याकडे बघितलं, भांड्याशेजारच्या रिकाम्या फरशीकडे बघितलं आणि तो परत जाऊन पडला.

त्या फरशीवर सोमवारपर्यंत दुसरं भांडं असे. ते अण्णाचं. अण्णा पंधरा वर्षांचा होता. त्याची मूत्रपिंडं गेली होती, मागचे पाय गेले होते, आणि सोमवारी दुपारी डॉक्टर विद्यालक्ष्मी घरी येऊन, त्याच्याच गोधडीवर, त्याला शेवटचं इंजेक्शन देऊन गेल्या. बाळकृष्णराव त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तंबीला बघवणार नाही म्हणून त्याला मागच्या खोलीत कोंडलं होतं, आणि चूक तिथूनच सुरू झाली. दार उघडल्यापासून तो अण्णाला शोधत होता.

अण्णाचं मूळ नाव राजा. सहा वर्षांपूर्वी नात ऊर्मी रस्त्यावरचं कुत्र्याचं एक पिल्लू घेऊन आली, त्याचं नाव तिने तमिळमध्ये धाकटा भाऊ म्हणून तंबी ठेवलं, आणि राजाचा आपोआप अण्णा झाला. यावर साताऱ्याचे धाकटे दीर रुसले होते, कारण ते बाळकृष्णरावांना अण्णा म्हणत. विमलाबाईंनी त्यांची फोनवर समजूत काढली होती. "भाऊजी, घरात दोन अण्णा झाले तर बिघडलं कुठे? एक हाक मारली की जेवायला येतो, दुसरा पेपर संपला की येतो."

अण्णाचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले, असं डॉक्टर म्हणत. बाळकृष्णरावांना ते मान्य नव्हतं. "हाक मारली की येतो, मग बहिरा कसा?" हे ते स्वतःचं कानाचं यंत्र टेबलाच्या खणात ठेवून विचारत, त्यामुळे उत्तर देण्यात कोणी वेळ घालवत नसे.

आता अडचण शब्दाची होती. कोणी 'अण्णा' म्हटलं की तंबी उठायचा, गोधडीच्या जागेपर्यंत धावायचा, चारही खोल्या हुंगून यायचा आणि दाराशी बसून बारीक आवाजात रडायचा. चेन्नईत दिवसभरात अण्णा म्हटल्याशिवाय कोणाचं पान हलत नाही. भाजीवाला अण्णा, रिक्षावाला अण्णा, इस्त्रीवाला अण्णा, आणि घर अण्णा नगरात. एक्केचाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी विमलाबाई इथे आल्या, तेव्हा सगळ्या शहरात त्यांना हा एकच शब्द ओळखीचा वाटला होता. आपलाच, आपल्याच अर्थाचा. पहिले सहा महिने त्यांनी त्या एका शब्दावर संसार केला. बोट दाखवायचं आणि अण्णा म्हणायचं. दूध, कढीपत्ता, डोकेदुखीची गोळी, सगळं मिळायचं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "दिनक्रम अजिबात बदलू नका. आणि शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर शनिवारी सकाळी सलाईन लावायला घेऊन या."

बाळकृष्णरावांनी चाळीस वर्षं रेल्वेचे डबे तपासले होते. ते म्हणाले, "कारण काढून टाकलं की परिणाम थांबतो. आजपासून या घरात तो शब्द बंद."

"आणि भाजीवाल्याला काय म्हणू?"

"सर म्हण."

विमलाबाईंनी गॅलरीतून पालेभाजीवाल्याला "सर, दोन जुड्या" अशी हाक मारली. त्याने मागे वळून कोणी मास्तर उभे आहेत का ते पाहिलं आणि सायकल पुढे काढली. मग पाण्याचे कॅन आणणारा विजयकुमार आला. त्याला सर म्हणायला जीभ वळेना, म्हणून त्यांनी पूर्ण नावाने हाक मारली. तो कॅन खाली ठेवून उभा राहिला.

"अम्मा, माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा."

"नऊ वर्षं अण्णा म्हणताय. आज एकदम विजयकुमार. पोलीस ठाण्यात घेतात तसं नाव घेतलंत."

त्याच्या तोंडून शब्द गेलाच होता. तंबी चार खोल्या हिंडून, दाराशी रडून, परत आपल्या जागी गेला.

दुपारी त्यांनी तंबीची भूक वाढवायचं औषध फोनवरून मागवलं. तंबी पायाशीच होता. दुकानदाराने पत्ता विचारला.

"कुठलं नगर, अम्मा?"

"आमचं."

"इथे शंभर नगरं आहेत."

विमलाबाईंनी फोनपाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं, "मोठ्या भावाचं नगर." औषध अशोक नगरला जाऊन संध्याकाळी परत दुकानात पोचलं.

तेव्हा बाळकृष्णरावांनी दारावर फलक लावला. तमिळ, इंग्रजी आणि, समोरच्या कनकासाठी, मराठी. 'येथे अण्णा म्हणू नये.' अक्षर फार सुबक होतं, आणि तीच पंचाईत झाली. जिन्याने जाणारा प्रत्येक जण थांबायचा आणि मोठ्याने वाचायचा. कनका तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिने तर तिन्ही भाषांत वाचलं.

"विमलाक्का, हें काय लिहिलंत? येथे अण्णा म्हणू नये. अय्यो, आंतला ऐकेल की."

आतला ऐकून धावत सुटला होता. कनका दारातच खाली बसली. "पापम्, बिचारा. माणूस असता तर दोन गोष्टी सांगून रडला असता."

गुरुवारी सोसायटीचे सेक्रेटरी सेतुमाधव आले. त्यांच्या फोनवर फलकाचा फोटो होता, आणि तो आतापर्यंत अख्ख्या गल्लीच्या फोनवर पोचला होता. "सर, अण्णा नगरात राहून अण्णा म्हणू नये? लोक विचारतायत, तुम्हाला नगराचं नाव बदलायचंय का?"

बाळकृष्णरावांना त्यातलं 'बदलायचंय' तेवढं ऐकू आलं. "बदलायचंय म्हणजे काय, बदलायलाच हवं. दोन महिने सांगतोय," ते म्हणाले. ते जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलत होते.

सेतुमाधव खुर्चीच्या कडेवर बसले. विमलाबाईंनी कॉफी आणून खरी गोष्ट सांगितली. ऐकल्यावर त्यांनी भिंतीपाशी पडलेल्या तंबीकडे पाहिलं, फलक स्वतःच्या हाताने काढला आणि घरोघर निरोप पाठवला. माणसं चांगली होती. शुक्रवारी अख्ख्या जिन्यात कोणी तो शब्द काढला नाही. विजयकुमारने तर कॅन उतरवून नुसता नमस्कार केला.

आणि तंबी उठेनासाच झाला. धावणं नाही, रडणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला.

"बघ, शांत झाला," बाळकृष्णराव म्हणाले.

"हा शांतपणा मी पाहिलाय," विमलाबाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. "तुम्ही रिटायर झालात तेव्हा तीन महिने असेच पडून होतात. कोणी कामाला हाक मारत नव्हतं म्हणून."

त्यांनी तंबीचा दवाखान्यातला कागद शोधून पिशवीत ठेवला. पिशवी दाराशी टांगली. मग पानं घेतली आणि नेहमीप्रमाणे हाक मारली, "अहो, जेवायला." पेपर हलला नाही. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि विमलाबाईंनी तो घेतला. बाळकृष्णरावांसाठी तो कायम स्पीकरवर असे. साताऱ्याच्या दिरांचा आवाज सगळ्या घरात घुमला.

"वहिनी, अण्णा कुठाय? अण्णाला बोलवा जरा. अण्णा, ए अण्णा."

विमलाबाईंनी फोनवर झडप घातली, पण उशीर झाला होता. तंबी उठला. गोधडीच्या जागेपर्यंत गेला, फरशी हुंगली आणि उभा राहिला. मग त्याने मान वळवली आणि आरामखुर्चीकडे बघितलं. खुर्चीत एक म्हातारा बसला होता. हाका चालल्या होत्या आणि त्याला त्या ऐकू येत नव्हत्या.

तंबी त्याच्यापाशी गेला. कोपराखाली नाक घालून दोनदा ढकललं. मग लुंगीचं टोक दातांत धरलं आणि ओढू लागला.

"अगं, हा काय करतोय? लुंगी सुटेल," म्हणत बाळकृष्णराव लुंगी सावरत उठले. तंबी पुढे, ते मागे, अशी वरात टेबलापर्यंत आली. ते बसेपर्यंत त्याने टोक सोडलं नाही.

विमलाबाईंच्या हातातला फोन तसाच राहिला. हे नाक, हा धक्का त्यांनी दोन वर्षं रोज दोन वेळा पाहिला होता. दोन कुत्र्यांची मस्ती समजून त्या पोळ्या लाटत राहिल्या होत्या. अण्णाला हाक कधी ऐकूच येत नव्हती. हाक तंबी ऐकत होता, आणि जाऊन त्याला घेऊन येत होता.

बाळकृष्णरावांनी पहिला घास घेतला. तंबीने तो नीट बघितला. मग तो आपल्या भांड्यापाशी गेला आणि सकाळचा दहीभात खाऊ लागला.

"वहिनी, काय झालं?" साताऱ्याहून आवाज आला.

"काही नाही, भाऊजी," विमलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमचा अण्णा जेवायला आलाय. पहिल्या हाकेला."

डॉक्टर विद्यालक्ष्मींना शनिवारी फोन गेला, तो झालेलं सांगून सलाईन नको म्हणायला. "अण्णाचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते, म्हटलं नव्हतं मी?" त्या म्हणाल्या. या वेळी बाळकृष्णरावांनी वाद घातला नाही.

तेव्हापासून विमलाबाई स्वयंपाकघरातून "अण्णा" अशी हाक मारतात आणि दोन मिनिटांत नवरा पानावर हजर असतो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, हे सुख आत्ता मिळालं.

"मला कुत्र्याच्या नावाने हाक मारतेस," बाळकृष्णरावांनी पहिल्या दिवशी कुरकुर केली.

"तुमचंच नाव आहे. मधली सहा वर्षं त्याला वापरायला दिलं होतं."

परवा त्या पोळी तव्यावर टाकून सहज बाहेर डोकावल्या. हाक मारून झाली होती. बाळकृष्णराव खुर्चीतच होते, पेपर घडी करून मांडीवर ठेवलेला, आणि कानात यंत्र. खणातून ते कधी बाहेर आलं, कोण जाणे.

"ऐकू आली ना हाक?"

"आली की."

"मग उठत का नाही?"

बाळकृष्णरावांनी तोंडावर बोट ठेवलं. गॅलरीतून नखांचा टकटक आवाज जवळ येत होता. त्यांनी घाईघाईने पेपर उघडून तोंडासमोर धरला, आणि कोपर थोडं वर उचलून ठेवलं, नाक जाईल एवढं.